हात जड, जीभ जड: दवाखाना आत्ता की सकाळी?

सकाळी सातला चहाचा कप उजव्या हातातून निसटतो. माणूस म्हणतो, "रात्री हातावर झोपलो होतो वाटतं." घरातलं कोणी बाम चोळतं, कोणी गरम पाण्याची पिशवी आणून देतं. नऊला जीभ जड वाटते, म्हणजे पित्त झालं असणार. साडेदहाला कोपऱ्यावरचा दवाखाना उघडतो, तिथे एक सलाईन आणि ताकदीचं इंजेक्शन. दुपारी दोनला सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात पोचतात, तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "शेवटचे नीट कधी होते?" पुढचं बरंचसं त्या उत्तरावर ठरतं. मधल्या सात तासांत कोणी मुद्दाम हयगय केलेली नसते. दुखत नव्हतं, एवढंच.

मेंदू आणि नसांच्या तक्रारींची गोम इथेच आहे. छातीत कळ आली की माणूस घाबरतो, पोटात मुरडा आला की रिक्षा बोलावतो. मेंदूच्या पेशींना मात्र स्वतःची वेदना कळत नाही. ती कळते मेंदूवरच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना. त्यामुळे मेंदूचा मोठा भाग बंद पडला तरी माणूस सोफ्यावर शांत बसलेला असू शकतो. कधी तर लुळा पडलेला हात आपला आहे हेच मेंदूला उमगत नाही, आणि "मला काहीही झालेलं नाही" असं तो माणूस ठासून सांगतो. अशा वेळी घरच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

म्हणून "किती दुखतंय?" हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. विचारायचं ते हे: किती वेगानं आलं? काही सेकंदांत, काही तासांत, काही आठवड्यांत की दोन-तीन वर्षांत? दुसरा प्रश्न, शरीरातलं काही *गेलं* का? ताकद गेली, बोलणं गेलं, दिसणं गेलं, स्पर्श गेला, लघवीची जाणीव गेली. दुखणं, मुंग्या, चमक, फडफड हे सगळं वाढीव असतं; त्रासदायक असलं तरी बहुतेक वेळा थांबता येतं. जे गेलं आणि झपाट्यानं गेलं, तिथे थांबून चालत नाही.

काही सेकंदांत आलेलं

गावाकडे म्हणतात "अंगावरून वारं गेलं". शहरात पॅरालिसिसचा अटॅक. बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते, काही वेळा ती फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त स्कॅनवर कळतो. मोठी वाहिनी बंद पडली तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब मांडला गेलेला आहे.

घरी तपासायला एक मिनिट पुरतं. समोर बसवून दात दाखवत हसायला सांगा; ओठाचा एक कोपरा खाली राहतो का पाहा. डोळे मिटून दोन्ही हात, तळवे वर करून, खांद्याच्या उंचीवर दहा सेकंद धरायला सांगा. एक हात हळूहळू खाली येतो किंवा तळवा आत वळतो, तर तो हात कमजोर आहे. मग एक साधं वाक्य म्हणवून घ्या, "आज सकाळी दूध उतू गेलं" असलं काही. शब्द अडखळतात, भलतेच येतात, की सांगितलेलं कळतच नाही, ते ऐका. (कच्चा पापड, पक्का पापड म्हणायला लावू नका. ते धडधाकट माणसालाही जमत नाही.) शेवटी उभं करून चार पावलं चालवा, पण धरून. एका बाजूला झोक जात असेल, एकाएकी एकाचे दोन दिसत असतील किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला असेल, तर तेही याच यादीत. चारपैकी एक गोष्ट बिघडलेली असली तरी पुरे; चारही बिघडायची वाट पाहायची नाही.

आता घड्याळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज, साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. हे साडेचार तास त्रास *लक्षात आल्यापासून* मोजत नाहीत, माणूस *शेवटचा नीट दिसल्यापासून* मोजतात. रात्री अकराला झोपला आणि सातला उठला तेव्हा हात लुळा, तर घड्याळ अकरापासून सुरू. पण पहाटे पाचला लघवीला उठून तो नीट चालत गेला होता हे कुणाला आठवलं, तर घड्याळ पाचपासून. म्हणजे एका आठवणीनं इंजेक्शनची वेळ हातची जाते किंवा हाताशी येते. डॉक्टर हा प्रश्न तीन-तीनदा विचारतात, त्यावर वैतागू नका.

मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन गुठळी ओढून काढता येते. ती सहसा सहा तासांत, आणि स्कॅनवर मेंदूचा वाचण्याजोगा भाग शिल्लक दिसला तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत. म्हणून "आता उशीर झालाय, उद्या बघू" हे कारणही चालत नाही.

जायचं कुठे? १०८ ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात आणि गोव्यात मोफत आहे. स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर निघता निघता हॉस्पिटलात फोन करून दोनच गोष्टी विचारा: सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का, आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का. उत्तर "नाही" असेल तर घराजवळ आहे म्हणून तिथे थांबू नका. तिथून पुन्हा दुसरीकडे पाठवण्यात तासभर सहज जातो.

न करायच्या गोष्टी त्याहून महत्त्वाच्या. तोंडातून काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, कारण गिळण्याचे स्नायू अधू झालेले असू शकतात आणि पाणी फुप्फुसात उतरतं. घरातली ॲस्पिरिन देऊ नका. वाहिनी फुटलेली असेल तर रक्तस्राव वाढेल. बीपी मोजलं आणि १८० निघालं म्हणून बीपीची जादा गोळी जिभेखाली ठेवू नका. उपाशी पडलेल्या भागाला रक्त पोचावं म्हणून शरीरानंच दाब वाढवलेला असतो. तो झपकन उतरवला तर नुकसानीचा घेर वाढतो. तो किती आणि केव्हा उतरवायचा हे स्कॅन पाहून ठरतं. लेप, मालीश, जडीबुटी यात एक मिनिटही घालवू नका.

एक गोष्ट मात्र घरीच करा. माणूस मधुमेही असेल आणि घरात साखर मोजायचं यंत्र असेल, तर बोट टोचा. साखर ७०च्या खाली गेली तरी अगदी लकव्यासारखं चित्र दिसू शकतं: एक बाजू लुळी, बोलणं अस्पष्ट, वागणं विचित्र. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत, त्यातही ज्यांनी गोळी घेतली पण जेवले नाहीत त्यांच्यात, हे घडू शकतं. साखर कमी निघाली आणि माणूस पूर्ण शुद्धीत असेल, नीट गिळता येत असेल तरच साखरेचं पाणी. हे सगळं रुग्णवाहिका बोलावल्या*नंतर*, ती येईपर्यंत.

आलं आणि गेलं

सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात. दहा मिनिटं तोंड वाकडं झालं, पेन धरता येईना, मग सगळं पूर्ववत. घरात सुटकेचा श्वास, संध्याकाळी देवापुढे नारळ. प्रत्यक्षात गुठळी आली, अडकली आणि सुदैवानं विरघळली, इतकंच झालं. ती जिथून आली ती जागा तशीच आहे: मानेतली अरुंद झालेली धमनी, किंवा ठोके अनियमित पडणारं हृदय. अशा झटक्यानंतर खरा लकवा येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो. तेव्हा "बरं वाटतंय" असलं तरी *त्याच दिवशी* हॉस्पिटल. तिथे मेंदूचा एमआरआय, मानेच्या वाहिन्यांची तपासणी, ईसीजी करतात आणि रक्त गोठू न देणारी औषधं लगेच सुरू करतात. या दोन दिवसांत केलेल्या उपचाराइतका फायदा नंतर महिनाभर धावपळ करून मिळत नाही.

अर्धशिशीतही काही जणांना डोकं दुखण्याआधी असंच काही होतं, आणि ते ओळखण्याची खूण पुन्हा वेगातच सापडते. अर्धशिशीत नजरेच्या एका टोकाला चमचमती नागमोडी रेघ दिसते, ती पाच-वीस मिनिटांत पसरत जाते. मुंग्या बोटांतून सुरू होऊन मनगट, कोपर, मग ओठांपर्यंत चढतात. तासाभरात सगळं ओसरतं. लकव्यात असं चढत जाणं नसतं, एकदम दिवा गेल्यासारखं होतं. आणि अर्धशिशीत काहीतरी *दिसतं*, लकव्यात दिसणं *जातं*. पण आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तेही पन्नाशीनंतर, तर ही अर्धशिशीच असं घरी ठरवू नका.

तोंड वाकडं होण्याचा आणखी एक प्रकार असतो, त्याला लोक "वारं लागलं" म्हणतात. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडात सुजते. खूण कपाळावर पाहायची: भुवया वर करायला सांगा. आठ्या दोन्हीकडे पडतात पण ओठ एकीकडे ओघळलाय, तर बिघाड मेंदूत. त्या बाजूच्या आठ्याही पडत नाहीत आणि डोळाही मिटत नाही, तर बहुधा नसेत. नसेचा प्रकार असला तरी स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांत सुरू झाल्या तर फायदा जास्त. आणि न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते, म्हणून दिवसा डोळ्याचे थेंब आणि रात्री पापणी मिटून कागदी पट्टी. हात, पाय किंवा बोलण्यातही फरक असेल तर कपाळ बघत बसू नका.

डोकेदुखीतही वेगच पाहायचा. "दुखायला लागल्यापासून कळस गाठायला किती वेळ लागला?" असं विचारा. तास-दोन तास म्हणाले तर अर्धशिशी, सायनस, ताण यांपैकी काही असू शकेल. पण मिनिटाच्या आत, डोक्यात फटाका फुटल्यासारखं आलं असेल, तर मेंदूच्या पृष्ठभागावरची फुगीर झालेली वाहिनी फुटलेली असू शकते. दोन तासांनी वेदनाशामक गोळीनं ते कमी झालं तरी अर्थ बदलत नाही. पहिल्या सहा तासांत सीटी स्कॅन असा रक्तस्राव सहसा चुकवत नाही. जसजसे तास जातात तसतसं रक्त फिकं पडत जातं, आणि मग पाठीतून पाणी काढून तपासण्याची किंवा वाहिन्यांचा वेगळा स्कॅन करण्याची वेळ येते.

फिट

पायातली चप्पल हुंगवणं, नाकाशी कांदा धरणं, हातात किल्ल्या देणं. फिट बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते, त्यामुळे त्या वेळी जे काही केलं त्याला यश मिळाल्यासारखं वाटतं. कांद्याची कीर्ती अशीच झाली आहे.

करायचं ते असं. घड्याळ पाहा. आजूबाजूचं टोकदार, कडक सामान हलवा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. गळ्याशी आवळलेलं बटण, ओढणी सैल करा. हातपाय दाबून धरू नका, खांदा निखळतो. दातांत चमचा घालू नका. दात तुटतो, तुकडा श्वासनलिकेत जातो, आणि जीभ गिळली जाते हा निव्वळ गैरसमज आहे. झटके ओसरताच कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी नाही. आणि कुणी एकानं मोबाईलवर व्हिडिओ काढा. यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते, आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कधीकधी हजारो रुपयांच्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगतो: मान कुठे वळली, डोळे उघडे होते की मिटलेले, सुरुवात कोणत्या हातातून झाली.

पाच मिनिटं झाली तरी थांबत नाही, किंवा एक थांबून शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर १०८. पाच मिनिटांनंतर फिट आपोआप थांबण्याची शक्यता घटत जाते आणि औषधालाही दाद कमी देते. ज्यांना आधीपासून अपस्मार आहे त्यांच्यापैकी काहींच्या घरी डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा दिलेला असतो. तो याच वेळेसाठी. नेहमीसारखी, नेहमीइतकी फिट येऊन गेली तर प्रत्येक वेळी हॉस्पिटलात पळायची गरज नसते. मात्र आयुष्यातली पहिली फिट, तापासोबतची, डोक्याला मार लागल्यानंतरची, पाण्यातली, किंवा पाचव्या महिन्यापुढच्या गरोदर बाईला आणि बाळंतिणीला आलेली, ही प्रत्येक फिट तातडीची.

बाळंतिणीबद्दल थोडं जास्त. बाळंतपणात रक्त गोठण्याचा कल वाढतो. त्यात "पाणी कमी पी, टाके ओले राहतील" असा सल्ला मिळाला आणि शरीर कोरडं पडलं, तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत चढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधूक दिसणं किंवा फिट, याला झोप अपुरी होतेय असं म्हणून सोडू नका. साध्या सीटीत हे सुटू शकतं. "बाळंतीण आहे" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा, म्हणजे ते शिरांचा वेगळा स्कॅन मागवतील.

तासा-दिवसांत चढत जाणारं

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकिटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गीयाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले आणि हा एरवी विरळा आजार घराघरांत चर्चेत आला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. जुलाब बरे होतात, पण जिवाणूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्या नसांवर उलटते, हे त्याचं सूत्र.

सुरुवात फसवी. जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन एक ते तीन आठवडे झालेले. दोन्ही पायांच्या बोटांत मुंग्या, कंबर दुखते. मग चालताना चप्पल पायातून निसटते. जिना चढताना कठडा लागतो. भारतीय बैठकीच्या संडासातून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. दोन दिवसांनी हात, मग चेहरा, गिळणं. दोन्ही बाजूंनी, खालून वर, दिवसागणिक. अशक्तपणा आलाय म्हणून बी-१२ची इंजेक्शनं घेत बसण्याचा हा प्रसंग नव्हे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जीबीएसमध्ये भीती श्वासाची असते, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे दगा देतो. फुप्फुस निरोगी आहे, फक्त भाता ओढणारे स्नायू थकत चाललेत. त्यामुळे ऑक्सिजन शेवटपर्यंत ९७-९८ दिसत राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्याऐवजी मोठा श्वास घेऊन, मध्ये न थांबता, भरभर मोठ्यानं आकडे मोजायला सांगा. धडधाकट माणूस पंचवीस-तीसच्या पुढे सहज जातो. काल पस्तीसपर्यंत गेलेला आज वीसवर अडकला, किंवा पंधराच्या आतच श्वास तुटतोय, तर व्हेंटिलेटर असलेलं आयसीयू गाठा, ओपीडी नव्हे. मोजणी चांगली आली म्हणून घरी थांबा असा मात्र याचा अर्थ नाही. पाय दिवसागणिक अधू होत असतील तर भरती व्हायलाच हवं. इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं शिरेतून देणं) किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं, हे दोन्ही उपचार लवकर सुरू केले तर उपयोगी पडतात.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट मनात ठेवायची. जमिनीवर अंथरूण घालून झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड, एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळता येत नाही. कुठे चावल्याची खूण नाही, सूज नाही. हा मण्यार सापाचा दंश असू शकतो. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिचा दंश मुंगी चावल्याइतका मामुली वाटतो, आणि विष नसा-स्नायूंचा सांधाच बंद करतं. पापण्या झुकल्या की पुढची पायरी श्वास. सर्पदंशावरची लस आणि श्वासाची सोय जिथे आहे तिथे, थेट. साप सापडण्याची वाट नको, दोरी बांधणं नको, चिरा देणं नको.

कंबरदुखीचं बघा. वाकताना कळ, एका पायात चमक, एमआरआयमध्ये गादी सरकलेली: बहुतेकांचं सहा-आठ आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय आटोक्यात येतं. पण सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तो बधिर झाला, शौचानंतर धुताना स्पर्श कळेना, लघवी सुरू व्हायला कुंथावं लागतं किंवा झाल्याचं कळतच नाही, किंवा दोन्ही पाय जड, तर मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. त्याच रात्री एमआरआय, आणि गरज पडली तर तातडीनं शस्त्रक्रिया. हयगय झाली तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. माणसं हे लाजेपोटी सांगत नाहीत. घरच्यांनी आडपडदा न ठेवता विचारावं.

ताप, डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकत नाही इतकी आखडलेली मान, किंवा ताप आणि बरळणं, हे मेंदूज्वराचं. तासातासाला बिघडतं, त्याच दिवशी भरती. याचाच एक संथ भाऊ आहे, क्षयाचा मेंदूज्वर. तो दोन-तीन आठवडे घेतो: बारीक ताप, भूक मेलेली, वजन उतरतंय, डोकं रोज दुखतंय, अधूनमधून उलटी, स्वभाव चिडचिडा. ताप १०० वर म्हणून कुणी मनावर घेत नाही. आपल्याकडे क्षय आहे, तेव्हा दोन आठवडे ताप आणि डोकेदुखी एकत्र असेल तर तपासणी झालीच पाहिजे.

आठवडे आणि महिने

आजोबा न्हाणीघरात घसरले, टेंगूळ आलं, उतरलं. तीन आठवड्यांनी ते दिवसा पेंगायला लागले, एक पाय ओढतात, बोलण्यात घोळ. "वय झालं" म्हणण्याआधी सीटी स्कॅन करा. उतारवयात मेंदू आकसलेला असतो, कवटीलगतच्या शिरा ताणलेल्या असतात, आणि किरकोळ धक्क्यानंही रक्त थेंबाथेंबानं साचत जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. कवटीला छिद्र पाडून ते काढलं की बऱ्याच जणांत फरक झपाट्यानं दिसतो. मार ताजा असेल तर नियम वेगळा: बेशुद्ध पडला होता, दोन किंवा जास्त उलट्या, वाढती गुंगी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही असलं की लगेच. प्यायलेल्या माणसाची गुंगी दारूचीच आहे असं धरून त्याला झोपवू नका.

वृद्ध माणूस एक-दोन दिवसांतच भलतंसलतं बोलू लागला, रात्र-दिवस कळेना, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंशाला महिने लागतात. लघवीचा जंतुसंसर्ग, बीपीच्या काही गोळ्यांनी उतरलेलं सोडियम, नवीन झोपेची गोळी, ही नेहमीची कारणं. रक्ताच्या साध्या तपासणीत यातली बरीच सापडतात, आणि दुरुस्तही होतात.

डोकेदुखी आठवड्यागणिक वाढतेय, पहाटे झोपेतून उठवते, खोकताना-वाकताना उसळते, सकाळी उलटी होते, नजर क्षणभर काळी पडते, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झाली आहे, तर आठवडाभरात डॉक्टर. जुनीच डोकेदुखी रोजची झाली असेल तर आधी गोळ्यांची पाकिटं मोजा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, मिश्र गोळी (एकाहून जास्त औषधं असलेली) दहा दिवस किंवा जास्त, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते.

चक्कर हा शब्द मोघम आहे. कुशीवर वळताना, वर पाहताना घर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, तर तो कानातल्या सूक्ष्म खड्यांचा खेळ. डॉक्टर डोकं ठरावीक कोनांत फिरवून तो बहुधा तिथल्या तिथे थांबवतात. सतत फिरतंय आणि आधाराशिवाय उभंही राहता येत नाही, तर लहान मेंदूचा लकवा असू शकतो, आणि तो सीटीत अनेकदा दिसत नाही.

सावकाश येणाऱ्या गोष्टींना दोन-चार आठवड्यांची सवड असते. दोन्ही पायांना मोजे घातल्यासारखी बधिरता: साखर आणि बी-१२ तपासा, शाकाहारी असाल किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असाल तर नक्कीच. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं: मनगटातली नस. त्वचेवरचा फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही: कुष्ठरोग वगळायला हवा; सरकारी दवाखान्यात उपचार मोफत असतात. मांडीवर स्वस्थ ठेवलेला एकच हात थरथरतो, अक्षर बारीक झालंय, वास येत नाही: पार्किन्सनसाठी तपासणी. पापणी फडफडणं, दिवसभर स्क्रीनपुढे बसून मान दुखणं, यासाठी डॉक्टरांपेक्षा झोप लागते.

काय घेऊन जायचं

सावकाश तक्रारींत आधी फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियन, मग लागलं तर न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे औषधांनी उपचार करणारे. न्यूरोसर्जन शस्त्रक्रिया करतात. स्वतःच एमआरआय करून मग डॉक्टर शोधू नका. काहीही त्रास नसलेल्या चाळिशीच्या माणसाच्या मणक्यातही फुगलेली गादी सर्रास सापडते, आणि मग दुखणं एकीकडे, उपचार दुसरीकडे. उलट पहिल्या काही तासांत सीटी नॉर्मल आला म्हणून लकवा नाही असंही नसतं. तो स्कॅन मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे पाहायला असतो. ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) नॉर्मल म्हणजे अपस्मार नाही, हाही तसलाच गैरसमज.

तातडीत निघताना रुग्णासोबत एक चिठ्ठी द्या. ती अशी असावी: "वय ६२. पहाटे ५ला नीट चालले. ७:१०ला उजवा हात लुळा, बोलणं अस्पष्ट. ७:१५ साखर १४२. बीपी आणि शुगर आहे. गोळ्यांचं पाकीट सोबत. रक्त पातळ करणारी गोळी: नाही. गेल्या तीन महिन्यांत ऑपरेशन किंवा डोक्याला मार: नाही. ॲलर्जी: नाही. तोंडातून काही दिलेलं नाही." खाली, पहाटे पाचला ज्यांनी त्यांना चालताना पाहिलं त्यांचा मोबाईल नंबर, आणि तो फोन चालू ठेवा.